मे महिन्यात मन पाण्याकडेच का पळतं? : दिवास्वप्न, सुट्टी आणि थोडं पोहणं

(या भागाचं लेखी रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायला कंटाळा येत असेल तर ऐका!)

हेडफोन लावलेत? पाण्याची बाटली जवळ आहे? मग चला, सुरू करूया.

आजचा विषय तसा गोड आहे. मे महिन्यातली दुपार. पंखा पाचवर आहे, पण वारा गरम. समोर एक्सेलची शीट, नाहीतर एमपीएससीचं पुस्तक. डोळे त्यावर आहेत, पण मन? मन तारकर्लीला पोचलंय. पाय पाण्यात, शेजारी शहाळं, फोन सायलेंटवर. दोन मिनिटांनी कोणीतरी हाक मारतं आणि तुम्ही दचकून परत येता.

हे सगळ्यांचं होतं. तर आज आपण तीन प्रश्न बघू. एक, मन असं भटकतं का आणि नेमकं पाण्याकडेच का जातं? दोन, एवढी स्वप्नं रंगवूनही आपला ‘गोव्याचा प्लॅन’ दरवर्षी व्हॉट्सअॅप ग्रुपमध्येच का मरतो? आणि तीन, या स्वप्नातून आपण कोणती गोष्ट हमखास गाळतो? तिसऱ्या प्रश्नाला शेवटपर्यंत थांबा, कारण तो जिवाशी येणारा आहे.

मन रिकामं नसतं, ते फिरायला गेलेलं असतं

पूर्वी असं मानायचे की आपण काहीच करत नसलो की मेंदूही आराम करतो. मग मेंदूचे स्कॅन यायला लागले आणि चित्र उलटं दिसलं. माणूस स्वस्थ पडलेला असताना मेंदूचे काही ठरावीक भाग जास्तच कामाला लागलेले असतात. अमेरिकेतल्या मार्कस राइकल या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये याला ‘डिफॉल्ट मोड’ असं नाव दिलं. फोनला डिफॉल्ट सेटिंग असतं ना, तसंच. समोर लक्ष द्यावं असं काही नसलं की मेंदू आपोआप या मोडवर जातो : जुन्या आठवणी, उद्याची चिंता, ‘असं झालं तर?’, ‘तिथे गेलो तर?’

मग आपण दिवसातला किती वेळ असे भटकतो? २०१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी एक भारी आयडिया केली. त्यांनी एक आयफोन अॅप बनवलं. ते दिवसभरात कधीही वाजायचं आणि विचारायचं : आत्ता काय करताय? मन कुठे आहे? बरं वाटतंय की वाईट? २,२५० लोकांची उत्तरं तपासली, तर जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच. म्हणजे निम्मं जागेपण आपण दुसरीकडेच असतो!

गंमत पुढे आहे. मन वाईट गोष्टीकडे भटकलं तर माणूस दुःखी, हे आपल्यालाही माहीत आहे. पण मन छान गोष्टीकडे भटकलं तरी तो माणूस, हातातल्या कामात लक्ष असलेल्या माणसापेक्षा जास्त सुखी नव्हता. म्हणजे तारकर्लीचं स्वप्न बघून तुम्ही शीट भरणाऱ्यापेक्षा फार पुढे गेलात, असं नाही. हे जरा टोचतं, पण लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

पण पाणीच का? शॉपिंग मॉल का नाही?

याचं पहिलं उत्तर शरीराकडे आहे.

उकाड्यात शरीर थंड राहायचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. पण नुसता घाम आल्याने काही होत नाही, तो वाळला पाहिजे. एक लिटर घामाची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. तुलनेसाठी सांगते : एक लिटर बर्फगार पाणी उकळीपर्यंत आणायला लागते त्याच्या जवळजवळ सहापट! ही सगळी उष्णता त्वचेतून जाते, म्हणून गार वाटतं. माठातलं पाणी गार होतं तेही यामुळेच आणि कूलरच्या ताट्यांवर पाणी सोडतो तेही यासाठीच.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, पण हवा कोरडी. तिथे कूलर झकास चालतो. मुंबई, रत्नागिरीला पारा ३३-३४ वर असतो, पण हवेत आधीच इतकी वाफ आहे की घाम वाळतच नाही, नुसता निथळतो. म्हणून विदर्भातला माणूस म्हणतो, ‘मुंबईत कसले ३४, जीव जातो!’ आणि मुंबईचा माणूस म्हणतो, ‘नागपुरात ४५? तुम्ही जगता कसे?’ दोघंही खरं बोलतायत.

अशा वेळी शरीराला आंघोळ, नदी, विहीर हवीशी वाटणं यात काव्य कमी आणि भौतिकशास्त्र जास्त आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट चांगलं उष्णतावाहक आहे. त्यात उतरलात की अंगातली उष्णता झपाट्याने निघून जाते. शिवाय किनाऱ्यावरचं वारं. शाळेत ‘खारे वारे’ आणि ‘मतलई वारे’ शिकलात ना? पाच मार्कांचा प्रश्न! दुपारी जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि ती जागा भरायला समुद्रावरची गार हवा आत येते. ते खारे वारे. संध्याकाळी किनाऱ्यावर जे ‘अहाहा’ वाटतं ना, ते याचंच.

दुसरं उत्तर मनाकडे आहे. २०१० मध्येच इंग्लंडमधल्या मॅथ्यू व्हाइट आणि सहकाऱ्यांनी लोकांना १२० फोटो दाखवले. काही हिरवळीचे, काही शहराचे, काहींत पाणी, काहींत नाही. पाणी असलेले फोटो लोकांना जास्त आवडले, जास्त शांत करणारे वाटले. आणि शहराच्या फोटोत नुसतं पाणी आलं, तरी त्याला हिरव्यागार निसर्गाच्या बरोबरीने पसंती मिळाली. म्हणून तर मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर लोक तासन् तास बसतात. तिथे पाठीमागे ट्रॅफिक आहे, समोर पाणी आहे आणि माणूस खूश आहे.

म्हणजे ऑफिसात बसून समुद्र आठवणं हा आळशीपणा नाही. तापलेलं शरीर आणि थकलेलं मन, दोघांनी मिळून पाठवलेला अर्ज आहे तो.

मग गोव्याचा प्लॅन मरतो कुठे?

ग्रुप सगळ्यांचा असतो. नाव ‘गोवा पक्का’. पहिल्या दिवशी २०० मेसेज. व्हिलाचे फोटो, कोण कुठली गाडी आणणार, कोण कुठला शर्ट घालणार. आठव्या दिवशी कोणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतं आणि ग्रुप संपतो. आपण दोष देतो त्या एका मित्राला, जो शेवटच्या क्षणी ‘घरी विचारून सांगतो’ म्हणतो. पण खरी गोची आधीच झालेली असते.

गॅब्रिएले ओटिंगन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्याची अनेक वर्षं याच प्रश्नाला दिली : छान स्वप्नं बघितल्याने ती खरी व्हायला मदत होते का? उत्तर आलं, नुसती छान स्वप्नं उलट पाय ओढतात. त्यांच्या एका अभ्यासात जर्मनीतले पदवीधर होते. ज्यांनी मनातल्या मनात भारी नोकरीची चित्रं जास्त रंगवली होती, त्यांनी दोन वर्षांत अर्ज कमी केले होते, त्यांना ऑफर कमी आल्या आणि पगारही कमी मिळाला. २०११ च्या एका अभ्यासात त्यांनी आणि हेदर कॅप्स यांनी रक्तदाब मोजला. गोड स्वप्न रंगवून झाल्यावर लोकांचा वरचा रक्तदाब खाली आला होता. म्हणजे शरीर शांत झालं, जणू काम होऊन गेलं!

कळलं? २०० मेसेज टाकताना आपण अर्धा गोवा मनातच फिरून येतो. पोट भरल्यासारखं होतं. मग तिकीट काढायला कोण उठणार?

यावर ओटिंगन बाईंचा उपाय सोपा आहे आणि तो फुकट आहे. चार पायऱ्या : इच्छा, परिणाम, अडथळा, योजना. आधी ठरवा काय हवंय. मग ते झालं की कसं वाटेल ते मनसोक्त रंगवा, इथे दिवास्वप्नाला पूर्ण सूट आहे. पण लगेच पुढचा प्रश्न विचारा : माझ्यातलं असं काय आहे जे आडवं येतंय? आणि शेवटी एक वाक्य : ‘असं झालं, तर मी तसं करेन.’

उदाहरण घ्या. इच्छा : दापोलीजवळ दोन दिवस. परिणाम : मुरुडच्या किनाऱ्यावर पहाटे चालणं, डोकं रिकामं. अडथळा : मी सुट्टी मागायला घाबरतो आणि पैशांचा हिशेब टाळतो. योजना : ‘सोमवारी चहानंतर साहेब मोकळे दिसले, तर तिथेच सुट्टीचं बोलून घेईन. पगार झाला, तर त्याच दिवशी ठरलेली रक्कम वेगळी काढेन.’ बस, एवढंच. स्वप्न तेच आहे, फक्त त्याला आता पाय फुटले.

आणि खर्चाचं म्हणाल तर प्रत्येक वेळी व्हिला लागत नाही. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. कोकण रेल्वेने जायचं असेल तर रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. ती तारीख आजच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. ग्रुपमध्ये नको, कॅलेंडरमध्ये!

स्वप्नातला महिना आणि भिंतीवरचा महिना

आता एक खास आपल्याकडची गडबड. रील तुम्ही बघताय मे महिन्यात. रीलमध्ये काय आहे? धो धो धबधबा, हिरवा घाट, ढग. ते शूटिंग जुलैचं आहे, साहेब! सह्याद्रीतले बहुतेक धबधबे पावसाचे पाहुणे. ठोसेघर असो की आंबोली, खरा जोर पावसाळ्यात. मे महिन्यात गेलात तर काळा कातळ बघून परत याल.

म्हणजे आपल्या महाराष्ट्रात एक विचित्र कोडं आहे : पाण्याची ओढ लागते तेव्हा पाणी कमी असतं आणि पाणी भरपूर असतं तेव्हा ते धोक्याचं असतं. समुद्राचंही तसंच. मेच्या शेवटी समुद्र खवळायला लागतो. मालवणकडचे वॉटर स्पोर्ट्स आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यासाठी बंद होतात. म्हणून स्नॉर्केलिंगचं स्वप्न असेल तर ते हिवाळ्यात नाहीतर उन्हाळ्याच्या सुरुवातीला ठेवा.

मग मे महिन्यात जायचं कुठे? मोठ्या जलाशयांच्या काठी. भंडारदऱ्याला प्रवरेवर १९२६ पासून धरण उभं आहे. मेअखेर-जूनच्या सुरुवातीला तिथल्या झाडांवर काजवे चमकतात, तो सोहळा वेगळाच. महाबळेश्वरच्या खाली तापोळा आहे, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर. तिथे लाँचमधून फिरता येतं. मेमध्ये पाणी बरंच खाली गेलेलं असतं, धक्क्यापासून थोडं चालावं लागेल, एवढी तयारी ठेवा. आणि समुद्रच हवा असेल तर सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी. दुपारी बाराची वाळू म्हणजे तवा!

स्वप्नातून गाळलेली गोष्ट

आता तो तिसरा प्रश्न. दिवास्वप्नात पाणी नेहमी गुडघाभर असतं. निळं, स्वच्छ, शांत. त्यात कधी कोणी बुडत नाही.

खऱ्या पाण्यात बुडतात. भारतात दरवर्षी तीस हजारांहून जास्त माणसं बुडून मरतात. ३० जून २०२४ चा तो व्हिडिओ आठवत असेल. लोणावळ्यात, भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं एकमेकांना धरून उभी होती. पाणी वाढत गेलं आणि पाच जण गेले. ती माणसं आपल्यासारखीच रविवारी सहलीला आली होती. वर डोंगरात पाऊस पडला की खाली लोंढा यायला फार वेळ लागत नाही, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरीही.

म्हणून आता चार गोष्टी नीट ऐका. हा भाग सेव्ह करून ठेवलात तरी चालेल.

पहिली, समुद्रातला परतीचा प्रवाह. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात, ते कुठूनतरी परत जायला हवं. ते एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात आत जातं. यालाच रिप करंट म्हणतात. फसवं काय, तर आजूबाजूला लाटा फुटत असताना हा पट्टा शांत दिसतो. आपल्याला वाटतं, ‘इथे लाटा नाहीत, इथेच उतरू.’ तिथेच नाही उतरायचं! आणि चुकून सापडलात, तर किनाऱ्याच्या दिशेने उलटं पोहू नका. चांगला पोहणाराही त्यात दमतो, आणि दमलेला माणूस बुडतो. हा प्रवाह खाली खेचत नाही, तो लांब नेतो. म्हणून तरंगत राहा, हात वर करून मदत मागा आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर या. मग लाटांबरोबर परत या.

दुसरी, शेततळं. गावाला गेलेल्या पोरांना ते स्विमिंग पूल वाटतं. चौकोनी, भरलेलं, कडेला कोणी नाही. पण आत प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो, त्यावर शेवाळ धरलेलं आणि उतार तीव्र. उतरता येतं, चढता येत नाही. पट्टीचा पोहणाराही तिथे अडकतो. काठाला पक्का बांधलेला दोर नसेल तर पाय टाकू नका. सोडून दिलेल्या दगडखाणींच्या पाण्याचंही तेच. तळ कुठे आहे ते कळत नाही.

तिसरी, बुडणारा माणूस ओरडत नाही. सिनेमात हात आपटतात, ‘वाचवा’ म्हणतात. खरं बुडणं शांत असतं. तोंड पाण्याच्या पातळीला, डोकं मागे झुकलेलं, हात बाजूला पाणी दाबतायत, आवाज नाही. श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, तर ओरडणार कुठून? हे सगळं २० ते ६० सेकंदांत संपू शकतं. म्हणून ग्रुपमधला एक जण काठावर, फोन खिशात, नजर पाण्यावर. आळीपाळीने ही ड्युटी लावा.

चौथी, वाचवायला उडी मारू नका. बुडणारा माणूस घाबरून मिठी मारतो आणि दोघं जातात. आपल्याकडच्या बातम्यांत ‘भावाला वाचवायला गेलेला भाऊही’ असं किती वेळा वाचलंय! आधी काहीतरी फेका : दोर, ओढणी, लांब काठी, झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन. तो चांगला तरंगतो. त्याच वेळी ११२ ला फोन. समुद्रात असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. अॅम्ब्युलन्सला १०८. आणि दारू पिऊन पाण्यात नाही. यावर चर्चा नाही.

पोहायला शिकलात, तर स्वप्न दुप्पट होतं

एक जुनी गोष्ट सांगते. आपल्या गावांमध्ये उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे विहीर. पाठीला डबा नाहीतर टायरची ट्यूब बांधायची, वरून काका ढकलणार, खाली दादा धरणार. आठ दिवसांत डबा सुटायचा आणि पोरगं मुटके मारायला लागायचं. त्यात एक पद्धत होती : शिकवणारा मोठा माणूस पाण्यात, दोर काठाला, आणि एकटं उतरायचं नाही. शहरात आलो आणि ते सुटलं. आता समुद्राची रील सगळ्यांकडे आहे, पण पोहता किती जणांना येतं? तुमच्या ‘गोवा पक्का’ ग्रुपमध्येच विचारून बघा. मुलींना तर बऱ्याच घरांत शिकवलंच नाही. आई, मावशी किनाऱ्यावर चपला सांभाळत बसतात, ते हौसेने नसतं.

बऱ्याच शहरांत महापालिकेचे जलतरण तलाव आहेत. त्यांची बॅच खासगी क्लबपेक्षा स्वस्त पडते, महिलांची वेगळी वेळही असते. वय वीस झालं, पंचवीस झालं म्हणून लाजू नका. आधी फक्त तरंगायला शिका. पाठीवर पडून, शांत श्वास घेत. घाबरलेल्या क्षणी तेवढं येणं म्हणजे अर्धा जीव वाचणं.

आणि जाता जाता एक चांगली बातमी. २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये १,५३० लोकांवर एक अभ्यास झाला. सुट्टीवर जाणारे लोक जास्त आनंदी कधी होते माहितीये? जायच्या आधी! परत आल्यावर बहुतेकांचा आनंद न गेलेल्यांइतकाच होता. फक्त ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली होती, त्यांचा थोडे दिवस टिकला. म्हणजे दोन गोष्टी. एक, वाट बघणं हाही सुट्टीचाच भाग आहे, तेव्हा प्लॅन पक्का करा आणि मग खुशाल दिवास्वप्न बघा. दोन, तीन दिवसांत अकरा पॉइंट करू नका. एक किनारा, एक झाड, एक पुस्तक, पुरे.

तर या आठवड्याचा गृहपाठ : एक कागद घ्या. त्यावर चार शब्द लिहा, इच्छा, परिणाम, अडथळा, योजना. आणि त्याखाली पाचवा जोडा, पोहणं. ग्रुपमधल्या कोणाला येतं, कोणाला नाही, ते लिहून काढा. ज्यांना येत नाही त्यांना हा भाग पाठवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर पाणी पीत राहा, उन्हात टोपी घाला आणि काठावर एक जण ठेवा. टाटा!